सात हजारांचा खर्च आणि एका वाक्याची किंमत : एका अपघात-भरपाई अर्जाचा प्रकरण अभ्यास

अर्जाच्या अकराव्या परिच्छेदात अर्जदाराचा उल्लेख ‘डिसीज्ड’, म्हणजे मयत, असा केलेला होता. त्याच अर्जाच्या शेवटच्या पानावर, सत्यापनाखाली, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या ग्वाहीखाली, त्या मयताची स्वतःची सही होती. उजव्या मनगटात धातूची पट्टी बसवलेल्या माणसाने केलेली, किंचित उजवीकडे घसरत गेलेली. मुंबईच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात हा अर्ज चार वर्षे प्रलंबित होता. एवढ्या काळात विमा कंपनीच्या वकिलांनी आणि अर्जदाराच्या आधीच्या वकिलांनी तो अनेकदा वाचलेला असणार, तरीही तो शब्द जागचा हलला नव्हता.

ओळख पटू नये म्हणून या लेखात दोन-तीन प्रकरणांतील तपशील एका प्रकरणात गुंफले आहेत आणि कोणाचेही नाव दिलेले नाही. आकडे मात्र निवाड्यातील हिशेब जसा मांडला जातो त्याच पद्धतीने मांडले आहेत. सदोष प्लीडिंगचा, म्हणजे पक्षकाराच्या लेखी मांडणीचा, खर्च नेमका कोणत्या खिशातून जातो, हे आकड्यांवाचून कळत नाही.

अर्जदार भांडुपमध्ये राहणारा, अपघाताच्या वेळी ३८ वर्षांचा सुतार. जून २०१७ मध्ये लालबहादूर शास्त्री मार्गावरून तो स्कूटरने कामावर निघाला असताना मागून आलेल्या मालवाहू टेम्पोने धडक दिली आणि तो उजव्या हातावर पडला. मनगटाजवळचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून पट्टी बसवावी लागली, सहा महिने काम बंद राहिले. हाड जुळले, पण मनगट पूर्वीसारखे फिरेना. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या तेव्हाच्या वकिलांनी २५ लाख रुपयांच्या भरपाईसाठी अर्ज दाखल केला.

तो अर्ज कसा तयार झाला असेल याचा अंदाज फाईल हातात घेतलेल्या कोणत्याही वकिलाला बांधता येईल. आधीच्या एखाद्या मृत्यूच्या दाव्याची प्रत संगणकावर उघडली गेली, नावे, तारीख आणि वाहन क्रमांक बदलले गेले, आणि उरलेला मजकूर तसाच राहिला. ‘मयत’ हा त्यातला केवळ दिसणारा डाग होता. खरे नुकसान करणाऱ्या गोष्टी डोळ्यांना खटकत नव्हत्या.

पहिली गोष्ट म्हणजे अपघाताचे वर्णन. अर्जात लिहिले होते की टेम्पो समोरून भरधाव आला आणि दोन वाहनांची समोरासमोर धडक झाली. प्रथम खबरीत मात्र टेम्पो मागून आल्याचे होते, घटनास्थळाच्या पंचनाम्यात स्कूटरचा मागचा दिवा फुटल्याची आणि मागचे मडगार्ड आत दबल्याची नोंद होती, आणि परिवहन विभागाच्या निरीक्षकाने दिलेल्या वाहन तपासणी अहवालात टेम्पोच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला मार लागल्याचे म्हटले होते. ही तिन्ही कागदपत्रे अर्जालाच जोडलेली होती. म्हणजे अर्ज एक सांगत होता आणि त्याची परिशिष्टे दुसरेच.

दुसरी गोष्ट, मालक. अर्जात टेम्पोचा मालक म्हणून एका वाहतूकदाराला सामनेवाला केले होते. त्याचे नाव टेम्पोच्या बाजूच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते, म्हणून. नोंदणी प्रमाणपत्रावरील मालक वेगळाच होता आणि विम्याची पॉलिसीही त्याच्याच नावावर होती. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अपघाताच्या दिवशी नोंदणीपत्रकावर ज्याचे नाव आहे, तोच भरपाईच्या दृष्टीने मालक. विमा कंपनीची जबाबदारी ही तिच्या विमाधारकाच्या जबाबदारीवर उभी असते. विमाधारकच पक्षकार नसेल तर कंपनी हात वर करायला मोकळी राहते, आणि येथे तिने ते केलेच.

तिसरी गोष्ट, कायद्याचे कलम. छापील नमुन्यात मोटार वाहन कायद्याचे कलम १६३-अ आणि कलम १६६ हे दोन्ही पर्याय होते आणि दोन्हींवर खूण केलेली होती. त्या काळी अस्तित्वात असलेल्या कलम १६३-अ खाली निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नसे, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४०,००० रुपये होती; अर्जात तर मासिक उत्पन्नच ३०,००० रुपये लिहिले होते. दोन्ही वाटांनी एकाच वेळी चालता येत नाही, हे दीपल गिरीशभाई सोनी प्रकरणात २००४ मध्येच ठरलेले आहे. ही चूक तुलनेने स्वस्तात निभावली. पहिल्या वकिलांनीच एका तारखेला कलम १६६ वर भर असल्याचे सांगितले आणि रोजनाम्यात तशी नोंद झाली.

चौथी गोष्ट सगळ्यांत महागाची, आणि ती म्हणजे जे लिहिलेच नव्हते ते. अर्जात अर्जदाराचा व्यवसाय ‘सेल्फ एम्प्लॉइड’ एवढाच होता. तो सुतार आहे, रंधा आणि पटाशी चालवून पोट भरतो, आणि मोडले ते उजवे मनगट, हे परस्परांशी जोडणारे एकही वाक्य नव्हते. दुखापतीच्या रकान्यात ‘फ्रॅक्चर आणि इतर जखमा, ४५ टक्के कायमचे अपंगत्व’ एवढेच होते. कोणत्या अवयवाचे ४५ टक्के, हे नव्हते. पुढे दाखल झालेले सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचे निघाले, आणि तेही उजव्या हातापुरते.

आमच्याकडे फाईल आली तेव्हा ही शेवटची उणीव मलाही लगेच दिसली नाही, हे मान्य केले पाहिजे. मी मालकाच्या नावाच्या घोळात अडकलो होतो. माझ्या कनिष्ठ सहकारी वकिलांनी अर्जदाराला सहज विचारले, “दादा, तुम्ही नक्की काय काम करता?” त्यावर त्याने टेबलावरची फुटपट्टी उचलली, ती रंध्यासारखी दोन्ही हातांत धरली आणि टेबलाच्या कडेवरून पुढे ढकलून दाखवली. डावा हात गेला. उजवा मनगटापाशी अडला आणि कोपर वर उचलला गेला. “रंधा पकडता येतो, ताई, रेटता येत नाही. आणि पेचकस तर फिरतच नाही, मनगटच फिरत नाही ना.” तो आता एका फर्निचरच्या दुकानात मापे घेण्याचे आणि पोरांवर देखरेख करण्याचे काम करत होता, पूर्वीच्या निम्म्याहून कमी पैशांत. अडीच मिनिटांच्या त्या बोलण्यातले काहीही अर्जात नव्हते, त्यामुळे सरतपासाच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुख्य साक्षीच्या, शपथपत्रातही नव्हते, आणि डॉक्टरांनाही त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

या उणिवेचे वजन समजण्यासाठी राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णय पाहावा लागतो. शरीराचे अपंगत्व किती टक्के आणि कमाईची क्षमता किती टक्के घटली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निर्णयाने नीट सोडवून सांगितले. त्यात दिलेले उदाहरणच सुताराचे आहे. डावा हात गमावलेल्या माणसाचे शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरले गेले, तरी तो वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडू शकते. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरीही जाणार नाही. म्हणजे अवयवाच्या टक्केवारीला अर्थ येतो तो व्यवसायामुळे. व्यवसाय लिहिलाच नाही तर न्यायाधिकरणापुढे उरते ते केवळ ३५ टक्के हात, आणि हाताचे ३५ टक्के म्हणजे संपूर्ण शरीराचे साधारण १२ टक्के, असा युक्तिवाद विमा कंपनी करणारच. तिने तो केला.

आकड्यांत पाहू. मासिक उत्पन्न १५,००० रुपये धरले तर वर्षाचे १,८०,०००. स्वयंरोजगार आणि वय ४० पेक्षा कमी असल्यामुळे प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या निर्णयानुसार भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले की २,५२,००० होतात. ही वाढ मृत्यूच्याच नव्हे तर कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यातही देय आहे, हे पप्पू देव यादव प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट झाले. सरला वर्मा निर्णयातील तक्त्याप्रमाणे ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १५; एकूण ३७,८०,०००. याचे १२ टक्के होतात ४,५३,६००. न्यायाधिकरणाने अखेरीस कमाईच्या क्षमतेतील घट ४० टक्के धरली, तिचे होतात १५,१२,०००. फरक १०,५८,४०० रुपयांचा. ‘अर्जदार सुतारकाम करतो आणि उजवे मनगट फिरत नसल्यामुळे त्याला रंधा, करवत व पेचकस चालवता येत नाही’ या एका वाक्याची किंमत एवढी.

आता उलटतपास. तो जानेवारी २०२० मध्ये झाला आणि त्याची टिपणे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते, कारण साक्षीदार खोटे बोलत नव्हता आणि तरीही खोटा ठरत होता. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारले, “तुमच्या अर्जात समोरासमोर धडक झाल्याचे लिहिले आहे, हे खरे आहे का?” उत्तर, “टेम्पो मागून आला साहेब.” “अर्जात काय लिहिले आहे ते विचारतो.” “मला इंग्रजी वाचता येत नाही.” “अर्जावरची सही तुमची आहे?” “सही माझीच आहे.” “मजकूर तुम्हाला मराठीत समजावून सांगितल्याचे खाली लिहिले आहे, ते खोटे आहे?” यावर तो गप्प राहिला आणि टिपणात ‘साक्षीदार उत्तर देत नाही’ अशी नोंद झाली.

मुंबईत असे अर्ज आजही बहुतांश इंग्रजीतच लिहिले जातात आणि ‘मजकूर मराठीत समजावून सांगितला’ हे वाक्य सत्यापनाखाली छापूनच येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १५ मध्ये प्लीडिंगचे सत्यापन पक्षकाराने करायचे असते ते त्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येते म्हणून. जो मजकूर आपल्याला कधी वाचूनच दाखवला नाही त्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाची ती सही होती, आणि उलटतपासात तिचा उपयोग त्याच्याच विरुद्ध झाला. नागिनदास रामदास विरुद्ध दलपतराम इच्छाराम या १९७४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की प्लीडिंगमधील कबुलीचे स्थान पुराव्यातील इतर कबुलीपेक्षा वरचे असते. समोरासमोरची धडक ही अर्जदाराची अशी कबुली मानली गेली असती तर सहभागी निष्काळजीपणापोटी, म्हणजे अपघातात त्याचीही चूक होती असे धरून, निम्मी भरपाई कापण्याची विमा कंपनीची मागणी मान्य होण्याची भीती अगदी खरी होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळेच थांबले. आम्ही वकीलपत्र दाखल करून दुरुस्ती अर्ज दिला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये.

दुरुस्तीचा मार्ग सोपा नव्हता. आदेश ६ नियम १७ ला १ जुलै २००२ पासून जोडलेल्या परंतुकानुसार सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मागायची असेल तर योग्य ती दक्षता घेऊनही ती आधी मागता आली नसती, हे दाखवावे लागते. सरतपासाचे शपथपत्र दाखल झाले की सुनावणी सुरू झाली असे विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निर्णयात म्हटले आहे, आणि आमच्या प्रकरणात तर उलटतपासही होऊन गेला होता. दक्षतेच्या कसोटीवर आम्ही हरलोच असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ खाली न्यायाधिकरणाची कार्यपद्धती संक्षिप्त आहे, ते दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर प्लीडिंग मागत नाही, या सवलतीचा आधार घेतला. पण माझ्या मते निर्णायक ठरला तो दुसराच मुद्दा. दुरुस्तीने येणारा प्रत्येक तपशील अर्जासोबत २०१८ मध्येच दाखल झालेल्या पंचनाम्यात, प्रथम खबरीत किंवा नोंदणी प्रमाणपत्रात होता, त्यामुळे विमा कंपनीला अचानक काही नवे तोंड द्यावे लागत नव्हते. सुतारकामाचा उल्लेखसुद्धा रुग्णालयाच्या दाखल-पत्रात, व्यवसायाच्या रकान्यात, एका शब्दात होता. तो शब्द सापडला तेव्हा कार्यालयात चहा मागवला गेला, हे नमूद करायला हरकत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली. अट होती विमा कंपनीला ५,००० रुपये खर्च देण्याची. चुकून सामनेवाला केलेल्या वाहतूकदाराचे नाव वगळले गेले; तो दोन तारखांना वकील घेऊन हजर राहिला होता, त्याला २,००० रुपये द्यावे लागले. त्याची तक्रार रास्तच होती. खर्च भरल्यावर न्यायाधिकरणाच्या प्रतीवर लाल शाईने दुरुस्त्या करायच्या असतात. आमचे लिपिक अकराव्या परिच्छेदातील ‘डिसीज्ड’ खोडून त्यावर ‘ॲप्लिकंट’ लिहीत असताना अर्जदार शेजारी उभा होता आणि काय खोडले ते त्याने विचारले. सांगितल्यावर तो हसला नाही.

यानंतर विमा कंपनीने अतिरिक्त लेखी कैफियत, म्हणजे दुरुस्त अर्जाला लेखी उत्तर, द्यायला चार महिने घेतले. नोंदणीकृत मालकावर नोटीस बजावली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्जदाराची आणि एप्रिल २०२३ मध्ये डॉक्टरांची फेरतपासणी झाली. डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी फक्त प्रमाणपत्रावरची सही ओळखली होती. दुसऱ्या वेळी त्यांनी मनगटाच्या हालचालीचे कोन सांगितले आणि हत्यार फिरवण्याच्या कामावर त्याचा काय परिणाम होतो ते स्पष्ट केले. दुसऱ्या फेरीचे १०,००० रुपये अर्जदारानेच दिले. पहिल्या वेळी योग्य प्रश्न विचारला गेला असता तर ही फेरी लागली नसती, पण ज्या अर्जात तो मुद्दाच नव्हता त्याच्या आधारे तो प्रश्न कोण विचारणार होते?

निवाडा डिसेंबर २०२३ मध्ये आला. निष्काळजीपणा पूर्णपणे टेम्पोचालकाचा ठरला. कमाईच्या घटीपोटी १५,१२,०००, औषधोपचाराची बिले १,८६,०००, वेदनांपोटी आणि जीवनातील सुखांना मुकल्यापोटी प्रत्येकी १,००,०००, उपचाराच्या सहा महिन्यांतील बुडालेली कमाई ९०,०००, आणि प्रवास, विशेष आहार व मदतनीस यांपोटी ४०,०००. एकूण २०,२८,००० रुपये, अर्जाच्या तारखेपासून ७.५ टक्के व्याजासह. त्यापुढे एक वाक्य होते. दुरुस्ती अर्जाची तारीख ते डॉक्टरांची फेरतपासणी, हा १४ महिन्यांचा विलंब अर्जदाराच्या प्लीडिंगमधील दोषांमुळे झाला असल्याने त्या काळाचे व्याज मिळणार नाही.

२०,२८,००० वर ७.५ टक्क्यांनी महिन्याचे व्याज १२,६७५ रुपये होते. चौदा महिन्यांचे १,७७,४५०. ज्याला आदेशात ‘खर्च’ असे नाव होते ती रक्कम सात हजार. ज्याला तसे नाव नव्हते ती पावणेदोन लाखांच्या वर.

हाच या प्रकरणाचा गाभा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी आपल्याकडील खर्चाच्या तरतुदी किती उथळ आहेत ते पाहावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७२ मध्ये खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल अथवा बचावाबद्दल विशेष खर्च बसवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, परंतु त्याची कमाल मर्यादा १,००० रुपये आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ मधील मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीपासून ३,००० रुपये. अशोक कुमार मित्तल प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रकमेच्या कालबाह्यतेकडे लक्ष वेधले, आणि विधी आयोगाने २०१२ मध्ये आपला २४० वा अहवाल खर्च याच विषयावर दिला. २०१५ च्या कायद्याने वाणिज्यिक वादांसाठी नियम बदलले. अपघातात जखमी झालेल्यांच्या दाव्यांपर्यंत तो बदल आलेला नाही.

इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाचे पैसे द्यायचे, हा मूळ नियम असल्याने तिथे सदोष प्लीडिंगचा फटका खर्चाच्या आदेशातच दिसतो. शारीरिक इजेच्या दाव्यातील दावेदाराला १ एप्रिल २०१३ पासून या नियमापासून संरक्षण आहे, पण दावा कारणच दाखवत नाही म्हणून काढून टाकला गेला किंवा दावेदार मुळातच अप्रामाणिक ठरला तर ते संरक्षण जाते. आपल्याकडे असा उघड दंड नाही, म्हणून मसुदा कसाही केला तरी चालते, न्यायाधिकरण सांभाळून घेते, असा समज वकीलवर्गात खोल रुजलेला आहे. न्यायाधिकरण सांभाळून घेते हे खरे आहे. नागप्पा प्रकरणापासून तर मागितल्यापेक्षा जास्त भरपाईही देता येते. पण ते सांभाळणे व्याजातून वजा होते आणि पावती पक्षकाराच्या नावाने फाडली जाते.

विमा कंपनीच्या लेखी कैफियतीबद्दलही लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. बावीस पानांच्या त्या कैफियतीत अर्जदाराचे वय, नाव, पत्ता, अपघात, पॉलिसी, सर्व काही नाकारले होते. पॉलिसी त्याच कंपनीने दिलेली होती आणि तिची प्रत कंपनीच्याच कार्यालयात होती. आदेश ८ च्या नियम ३ ते ५ प्रमाणे नकार विशिष्ट हवा. मोघम नकार हा नकार नव्हेच. चालकाचा परवाना वैध नसल्याचे एक वाक्य होते, तपशील शून्य. परवान्याच्या शर्तींचा भंग सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो, हे स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ मध्ये ठरले आहे. परिवहन कार्यालयाचा साक्षीदार बोलावण्यासाठी कंपनीने दोनदा मुदत घेतली आणि तो आलाच नाही. त्यासाठी ३,००० रुपये खर्च बसला. पॉलिसी नाकारल्याबद्दल निवाड्यात कलम १७२ खाली विशेष खर्च बसला, पूर्ण मर्यादेइतका. एक हजार रुपये.

दोन्ही बाजूंची प्लीडिंग वाईट होती. एका बाजूला त्याची किंमत पावणेदोन लाख पडली, दुसऱ्या बाजूला चार हजार. १४ महिन्यांतील निदान चार महिने, अतिरिक्त कैफियतीचे, कंपनीच्या खात्यावर जायला हवे होते, आणि नोंदणीकृत मालकाचे नाव माहीत असताना ते चार वर्षे न सांगणाऱ्या पक्षाला विलंबाबद्दल अवाक्षरही ऐकावे लागू नये, हे मला पटलेले नाही. चार महिन्यांचे व्याज ५०,७०० रुपये होते. त्यासाठी उच्च न्यायालयात जायचे की नाही, यावर आम्ही अर्जदाराशी बसून बोललो. अपील केले तर कंपनीही ४० टक्क्यांच्या निष्कर्षाला आव्हान देण्याची शक्यता होती, आणि तो निष्कर्ष १५ लाखांचा होता. त्याने अपील नको म्हटले.

एक नुकसान दुरुस्तीनेही भरून निघाले नाही. अर्जात उत्पन्न ३०,००० लिहिले होते, कशाच्याही आधाराशिवाय. बँकेच्या पासबुकात १८ ते २२ हजारांच्या जमा नोंदी दिसत होत्या. अर्ज लिहितानाच ज्या गिऱ्हाइकांकडे काम केले त्यांची नावे, कामाच्या वहीची पाने, ज्या दुकानासाठी तो सर्वाधिक काम करी त्या दुकानदाराचे पत्र, हे घेतले असते तर २०,००० रुपये मान्य होणे अवघड नव्हते. २०२२ मध्ये आम्ही शोधायला गेलो तोवर ते दुकान बंद झाले होते आणि वही पावसात भिजली होती. फुगवलेला आकडा पाहून न्यायाधिकरणाने सावधपणे १५,००० धरले. २०,००० धरले असते तर कमाईच्या घटीच्या एकाच शीर्षाखाली ५,०४,००० रुपये अधिक मिळाले असते. हा खर्च कोणत्याही रोजनाम्यात नोंदलेला नाही.

कलम १६६ मध्ये १ एप्रिल २०२२ पासून अर्जासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. १९९४ पासून तशी मुदतच नव्हती, त्यामुळे अगदीच बिघडलेला अर्ज परवानगी घेऊन मागे घ्यायचा आणि नव्याने द्यायचा, हा मार्ग वकिलांच्या हाती असे. आमच्या प्रकरणातही तो पर्याय आम्ही विचारात घेतला होता. नव्या अर्जाने २०१८ पासूनचे चार वर्षांचे व्याज गेले असते म्हणून सोडून दिला. आता अपघात झाल्यावर पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे सविस्तर अपघात अहवाल पाठवायचा असतो, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तो अहवाल आणि वकिलाने वेगळा दिलेला अर्ज यांत समोरून-मागूनचा फरक निघाला तर काय होईल, याची कल्पना वरील उलटतपासावरून करता येते.

पहिल्या वकिलांकडून हे पैसे वसूल होतील का, असे अर्जदाराने नंतर एकदा विचारले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिल्याने ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद आहे; निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावता येतो. दावा म्हटल्यावर त्याने हातानेच नको अशी खूण केली.

विमा कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये रक्कम जमा केली. ७२ महिन्यांतून १४ वजा जाता ५८ महिन्यांचे व्याज ७,३५,१५० रुपये, म्हणजे एकूण २७,६३,१५० आणि खर्चाचे किरकोळ पैसे. रक्कम काढण्याचा अर्ज आम्ही इंग्रजीत तयार केला आणि सही घेण्यापूर्वी माझ्या सहकाऱ्यांनी तो ओळीने मराठीत वाचून दाखवला. अर्जदार पासबुक उघडून बसला होता. तिसऱ्या परिच्छेदात त्याने थांबवले. “ताई, खाते क्रमांकात शेवटून दुसरा आकडा चुकलाय. सहा नाही, नऊ आहे.”

आम्ही ते पान बदलले आणि मग त्याने सही केली.